खाऱ्या हवेतली पत्र्याची शेड: गंज काढून पाणी कसं अडवावं

बागेतल्या गंजलेल्या शेडभोवती सावकाश एक फेरी मारा. वळचणीखालची, पावसाचं पाणी कधीच न लागणारी भिंतीची पट्टी बहुतेक वेळा उघड्या छपरापेक्षा जास्त खाल्लेली दिसते. हे काम मिठाचं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत समुद्रावरून येणारं मीठ पत्र्यावर बसत राहतं. छपरावरचं मीठ जूनच्या पहिल्या पावसात धुऊन जातं, वळचणीखालचं मात्र वर्षानुवर्षं साचतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि गोव्यात रात्री आर्द्रता त्यापुढे जाणं नेहमीचंच. म्हणजे आभाळ कोरडं असलं तरी पत्रा रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी मीठ, मग गंज, मग गळती, आणि शेवटी रंग. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाळली जाते. मीठ तसंच ठेवून वर रंग मारला की ते रंगाच्या थरातून ओल आत खेचतं, पावसाळ्याअखेर रंगाला फोड येतात आणि दोष कंपनीच्या डब्याला दिला जातो. मोरजी, कळंगुट, बाणावली, काणकोण अशा किनाऱ्यालगतच्या गावांत आणि आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या आसपास ही पायरी अजिबात सोडू नये. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे मीठ कमी, पण पाऊस आणि झाडांची ओल जास्त. तिकडे गळती आणि पायथ्याकडे अधिक लक्ष द्यावं लागतं.

खालची सगळी प्रमाणं १० फूट लांब, ८ फूट रुंद, ७ फूट उंच अशा नेहमीच्या मापाच्या शेडसाठी आहेत.

काम कधी काढावं

नोव्हेंबर ते एप्रिल. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरायची गडबड सुरू होण्याआधी शेड तयार हवी. १५ मेनंतर शेवटचा हात मारू नये. वळवाचा पाऊस केव्हाही येतो आणि इनॅमल रंगाला पक्कं व्हायला आठवडाभर कोरडी हवा लागते.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव भरपूर पडतं. पत्रा हाताला कोरडा लागला तरी पन्हळीच्या खाचेत आणि जोडाखाली ओल असते, म्हणून रंगाचं काम दहानंतर सुरू करावं आणि चारला थांबवावं. चारनंतर मारलेला रंग वाळायच्या आत दव पकडतो आणि त्याची चमक जाऊन तो दुधाळ दिसतो. एप्रिलमध्ये अडचण उलटी. भर दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि अशा पत्र्यावर रंग पसरण्याआधीच ओढला जातो. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, असं सावलीमागून फिरावं.

आधी पारख

शेड पूर्ण रिकामी करा. सामान हलवताना हातमोजे आणि बूट घाला, आणि पोती काठीने सरकवा. जुन्या पत्र्यामागे फुरसं किंवा घोणस बसलेली असू शकते. शेडमध्ये वीज असेल तर मेन स्विच बंद करा. छपरावर थेट पाय देऊ नका. खालच्या आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी जाड फळी टाकून तिच्यावरूनच वावरा.

एक गोष्ट सर्वांत आधी बघायची. छप्पर राखाडी रंगाच्या सिमेंटच्या जाड पन्हळी पत्र्याचं असेल तर ते ॲस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता मोठी. असा पत्रा घासू, कापू किंवा ग्राइंड करू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पुढची सगळी माहिती फक्त लोखंडी पत्र्याची आहे.

दिवसा आत उभं राहून दार लावून घ्या. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे आतून खडूने गोल करा. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गंजलेल्या जागा टोचत चला. टोक नुसतं खरचटलं तर पत्रा वाचतो. टोक आत शिरलं, किंवा पापुद्रे सुटून आले, तर तेवढा भाग गेला. एका पत्र्यावर अशी चार-पाच भोकं विखुरलेली असतील तर ठिगळं लावण्यापेक्षा पत्राच बदलावा. ठिगळांच्या मधला पत्रा पुढच्या दोन वर्षांत जातोच, आणि मजुरी दुसऱ्यांदा पडते.

चौकटीचे अँगल हातोडीने हलके वाजवा. चांगलं लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं बद्द आवाज देतं. विशेषतः जिथे खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे. काँक्रीटच्या तोंडाशी पाणी साचून नेमका तेवढा दोन इंचांचा भाग झिजतो आणि वरून खांब धडधाकट दिसतो. तिथली जाडी एक तृतीयांशाहून जास्त गेली असेल तर खांबाला तात्पुरता टेकू देऊन कुजलेला भाग कापा, त्याच मापाचा अँगल वर किमान ८ इंच एकावर एक घेऊन वेल्ड करा, आणि काँक्रीटचं तोंड खांबाकडून बाहेर उतरतं करा. जस्ताच्या लेपावर वेल्डिंग करायचं तर आधी जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताचा धूर अंगात ताप आणतो.

धुणं आणि घासणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, आणि घाई करणाऱ्या कारागिराला इथेच थांबवावं.

पहिलं धुणं घासण्याआधी. नळाचं गोडं पाणी, त्यात बादलीला दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण, आणि नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते वापरून उपयोग नाही. वळचणीची खालची बाजू, पत्र्यांचे जोड आणि आतल्या अँगलची खाच ही तीन ठिकाणं दोनदा धुवा. शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडर वापरू नका, ती स्वतःच लोखंड खाते.

वाळल्यावर सुटा गंज काढायचा. पत्र्यावर हाताचा तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. अँगलवर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून काम लवकर होतं, पण तोच ग्राइंडर पातळ पत्र्यावर फिरवला तर उरलंसुरलं जस्तही निघून जातं. जिथे जस्ताची राखाडी झाक शाबूत आहे तिथे फक्त मळ काढावा, लोखंड उघडं पाडू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. तारेच्या ब्रशच्या काड्या तुटून जोरात उडतात.

घासून झालं की दुसरं धुणं. गंजाच्या खोल खड्ड्यांत मीठ अडकून असतं आणि वरचे पापुद्रे निघाल्याशिवाय तिथवर पाणी पोहोचत नाही. धुऊन पत्रा तसाच एक रात्र ठेवा. सकाळी दव वाळल्यावर बघा: घासलेल्या जागेवर सगळीकडे सारखी फिकट तांबूस झाक आली असेल तर काळजी नाही, ती पेपरच्या एका हाताने जाते. पण काही खड्ड्यांत गडद तपकिरी, ओलसर टिपके उमटले असतील तर तिथे मीठ अजून आहे. तेवढ्या जागा पुन्हा ब्रशने खरवडून धुवा. टिपके यायचे थांबेपर्यंत पुढे जायचं नाही.

खड्ड्यांत घट्ट बसलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावावा. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं हे द्रावण गंजाशी मिळून काळा, घट्ट थर बनवतं. पातळ हात मारून २४ तास ठेवा. चांगल्या जस्तावर ते लावू नका, आम्ल जस्त खातं. आणि सुट्या पापुद्र्यांवर लावलं तर फक्त पापुद्रा काळा होतो, खालचं लोखंड गंजतच राहतं.

भोकं आणि ठिगळं

पावसाचं पाणी क्वचितच पत्र्याच्या मधून शिरतं. ते शिरतं हुकच्या भोकांतून, जोडांतून आणि आढ्यावरून.

जुन्या शेडना ८ मिमीचे जे-हुक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) आणि डांबरी वॉशर असतात. डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि भोकाभोवती गंजाचं वर्तुळ तयार होतं. गंजून जाम झालेला नट हातोडीने ठोकू नका, पत्रा फाटतो; ग्राइंडरने कापून काढा. भोक गोल असेल तर नवा हुक आणि रबरी वॉशर बसतो. भोक लांबट झालं असेल तर दोन इंच व्यासाचा जस्ती पत्र्याचा गोल तुकडा, खाली ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि मग हुक. नवीन स्क्रू वापरायचे तर रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्या, छपरावर पन्हळीच्या उंचवट्यातून, भिंतीवर खाचेतून. किनाऱ्यालगत साधे पिवळे चकचकीत स्क्रू एक-दोन पावसाळ्यांत तांबडे होतात. दुकानात क्लास ४ किंवा किनारी भागासाठीचा जाड लेपाचा स्क्रू म्हणून मागा. छपराला साधारण ६० ते ७० लागतात.

स्क्रू किती आवळायचा हे बघून ठरतं. रबर धातूच्या कडेबाहेर किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. ते बाहेर पिळून निघालं तर वर्षभरात फाटतं, आणि वॉशर बोटाने फिरत असेल तर पाणी आजच शिरेल. भोकं पाडताना पडलेला लोखंडाचा चुरा त्याच संध्याकाळी कुंच्याने झाडून काढा. एका रात्रीच्या दवात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर डाग बसतात.

५ मिमीपर्यंतचं भोक पॉप रिव्हेट आणि सीलंटने बंद होतं. दोन इंचांपर्यंतच्या भोकाला ठिगळ: चारही बाजूंनी ३ इंच मोठा, त्याच पन्हळीचा तुकडा, कडेने ब्यूटिल टेपची सलग पट्टी, आणि दर दीड-दोन इंचांवर रिव्हेट. तुकड्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या जोडाखाली सरकवता आली तर उत्तम. नाही जमलं तर त्या कडेला सीलंटचा उतरता थर द्या, म्हणजे पाणी अडून न राहता बाजूने निघून जाईल.

सीलंट कोणतं घ्यायचं, यात फसगत होते. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आम्ल सोडतं आणि जस्त खातं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पी.यू. (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या, ३०० मिलिलिटरच्या तीन नळ्या पुरतात. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंगाखाली येणाऱ्या जागी पी.यू.च. एम-सील किंवा सिमेंटची पेस्ट लांब जोडावर टिकत नाही. ३ मीटरचा पत्रा पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने जवळपास दीड मिलिमीटर लांबतो, आणि कडक भरणी त्याच्याबरोबर ताणली जात नाही, तडकते.

पत्रा बदलायचा असेल तर

पत्र्याची जाडी सगळे विचारतात, जस्ताचा लेप कुणी विचारत नाही. आय.एस. २७७ या भारतीय मानकात लेप प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये, दोन्ही बाजू मिळून मोजतात. १२० ग्रॅमचा लेप म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅमचा म्हणजे १९ च्या आसपास. किनारी हवेत जस्त वर्षाला २ ते ४ मायक्रॉन झिजतं, अगदी लाटांचे तुषार येतात तिथे याच्या दुप्पट. हिशेब आपोआप कळतो: १२० वाला पत्रा रंगाविना किनाऱ्यावर दोन ते चार वर्षांत उघडा पडतो. ०.५० मिमी जाडी आणि २७५ ग्रॅमचा लेप मागा, किंवा कारखान्यातच रंगवलेला गॅल्व्हल्यूमचा पत्रा. गॅल्व्हल्यूमच्या जस्तमिश्रित लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि तो मीठ जास्त सोसतो, पण ओल्या सिमेंटचा स्पर्श त्याला चालत नाही.

पावसाळी वारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून बसवत पश्चिमेकडे यावं. पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो, जोडाचं तोंड पूर्वेला राहतं आणि वारा पाणी आत ढकलू शकत नाही. बाजूचा जोड दोन पन्हळींचा, वरखालचा जोड ८ इंचांचा, मध्ये ब्यूटिल टेप. उतार दर मीटरला किमान १८ सेंटिमीटर. पत्रा कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्याराने) कापा. ग्राइंडरने कापलं की कडेचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

प्रायमर आणि रंग

पन्हळी धरून बाहेरचं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस फूट होतं. एका हाताला ४ लिटर प्रायमर आणि दोन हातांना मिळून ८ लिटर रंग लागेल. आतल्या चौकटीसाठी आणि छपराच्या खालच्या बाजूसाठी दोन्हीचे २-२ लिटर जास्त घ्या.

रेड ऑक्साईड सवयीने घेतलं जातं. आतल्या गावांत, लोखंडी अँगलवर ते चालतं. किनाऱ्यालगत झिंक फॉस्फेट प्रायमर किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि एका तासात संपेल तेवढंच कालवा. उन्हाळ्यात ते भराभर घट्ट होतं. मग त्यात थिनर ओतून पुन्हा पातळ करण्याचा मोह टाळा, असा थर पत्र्याला धरत नाही. इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुरभुरतं, म्हणून वर इनॅमल किंवा पी.यू. रंगाचा हात हवाच.

नव्या चकचकीत जस्ती पत्र्यावर मात्र तेलाचा इनॅमल थेट मारू नये. जस्त आणि रंगातलं तेल यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाच्या पोपड्या पडतात. आधी वॉश प्रायमर किंवा जस्ती पत्र्यासाठीचा प्रायमर लावा.

रोलर घेण्याआधी एक हात फक्त ब्रशने: पत्र्याच्या कापलेल्या कडा, स्क्रूची डोकी, जोडांच्या रेषा, अँगलचे कोपरे. रंग ओला असताना टोकदार कडेवरून मागे सरकतो आणि थर तिथेच सर्वांत पातळ राहतो, म्हणून गंज कडेपासून सुरू होतो. हा ब्रशचा हात वाळला की पूर्ण प्रायमर, मग रंगाचे दोन हात, डब्यावर दिलेलं अंतर पाळून. समुद्रालगत प्रायमरचेही दोन हात द्या.

पायथा

भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर पागोळ्यांचं पाणी लाल माती उडवतं. ती माती ओल धरून ठेवते आणि पत्रा खालून झिजत जातो. छपराच्या कडेला पन्हाळ (पाणी वाहून नेणारी नाली) लावली तर हे निम्म्याने कमी होतं. १०० चौरस फुटांच्या छपरावर ताशी १०० मिमीचा पाऊस पडला तर मिनिटाला १५ लिटर पाणी उतरतं, ४ इंची पन्हाळ आणि ३ इंची पाइप ते सहज वाहून नेतात. पन्हाळीला दर मीटरला ५ ते १० मिमी उतार द्या आणि तोंडाला जाळी बसवा, नाहीतर माडाच्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) पात्यांनी ती पहिल्याच आठवड्यात तुंबेल.

भिंतीचा पत्रा जमिनीत किंवा सिमेंटमध्ये गाडलेला असेल तर मोकळा करा. तो चिऱ्याच्या जोत्यापासून दोन इंच वर संपावा आणि जोत्याच्या कडेबाहेर लोंबावा, म्हणजे ओघळ बाहेर पडतो. शेडभोवती एक फूट रुंद, सहा इंच खोल चर खणून २० मिमीची खडी भरा.

खालची फट सीलंटने बुजवू नका. शेड हवाबंद केली की हिवाळ्यात छपराच्या खालच्या बाजूला रात्री वाफेचं पाणी होऊन थेंब टपकतात. पाऊस नसताना पहाटे गळत असेल तर ती गळती नव्हे, कोंडलेली हवा आहे. खाली डासांची जाळी आणि आढ्याजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवा.

पाण्याची चाचणी आणि पुढची निगा

रंग आठवडाभर वाळला की एकाने आत उभं राहावं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारावं. सुरुवात पायथ्यापासून, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी पन्हळीतून कुठून कुठे जातं ते कळत नाही, आणि गळतीची जागा भलतीच ठरवली जाते.

पावसाळ्यात शेडवर निळी ताडपत्री बांधायची पद्धत सर्वत्र आहे. दुरुस्त केलेल्या शेडवर ती बांधू नये. पत्रा आणि ताडपत्री यांच्यामध्ये चार महिने ओल कोंडते, आणि दोरीच्या घासण्याने कडेचा रंग जातो. पश्चिमेकडून झड येत असेल तर विणलेल्या चुडतांचे झाप भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे करा.

माडांना घालायचं मीठ, युरिया आणि ब्लीचिंग पावडर शेडमध्ये ठेवायची असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, पत्र्यापासून दूर. या तिन्हींमुळे शेड आतून गंजते. छपरावर माड वाकलेला असेल तर पाडेल्याकडून नारळ आणि सुकी चुडतं वेळच्या वेळी उतरवून घ्या. एका नारळाच्या पोचीने रंग तडकतो आणि पाणी साचायला खळगा मिळतो.

ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याची नळी वळचणीखाली, पश्चिमेच्या भिंतीवर आणि पन्हाळीच्या खालच्या बाजूला फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. ऑक्टोबरमध्ये स्क्रूची डोकी तपासा, जिथे तांबडा ठिपका दिसेल तिथे घासून, धुऊन, प्रायमर आणि रंगाचा हात द्या. भर पावसात गळती लागलीच तर तेव्हा रंग किंवा सीलंट लावू नका, ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही. उघडीप बघून ती जागा फडक्याने कोरडी करा, स्पिरिटने पुसा, ब्यूटिलची ॲल्युमिनियम पाठ असलेली टेप दाबून बसवा, आणि पक्की दुरुस्ती नोव्हेंबरवर ठेवा.